बसणारा आणि जाणारी

धसईला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी ना माझं गाव विचारलं ना पगार. ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. सुपातून मान वर न करता म्हणाले, "तुमच्यात बसणारा कोण न् जाणारा कोण?"

मला काही उलगडा होईना. मी सांगितलं, की माझी इथल्या गुरांच्या दवाखान्यात बदली झालीय, बायको नर्स आहे, मुरबाडला खासगी दवाखान्यात जाते. म्हणजे दोघंही जाणारेच.

"आता जाल," ते म्हणाले. "पोर झाल्यावर एकाला बसायला लागंल. आत्ताच ठरवून ठेवा, मागनं भांडणं नकोत."

आमच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. बायको पदराआड हसली आणि खोली पसंत पडली.

गाव त्यांना ‘बर्फवाले’ म्हणायचं. आम्ही काका म्हणायचो. तरुणपणी ते मुंबईत हॉटेलात राबले, तिथून जहाजावरच्या भटारखान्यात शिरले आणि कसे कोण जाणे, शास्त्रज्ञांच्या एका तुकडीबरोबर स्वयंपाकी म्हणून थेट दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन पोचले. तिथे त्यांनी दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा काढला. गावात ह्या गोष्टीवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. काहींचं म्हणणं, हा गडी मुंबईतच बर्फाच्या कारखान्यात होता, बाकी सगळ्या थापा. काकांना त्याचं काही वाटत नसे. कुणी फारच टोचलं तर म्हणायचे, "जाऊन बघ ना मग. मी भाकऱ्या बांधून देतो."

भर मे महिन्यात ते अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालत. थंडी एकदा हाडात शिरली की निघत नाही म्हणत. लग्नात कुणी बर्फ घातलेलं सरबत पुढे केलं तर ग्लास परत करायचे; बर्फ जेवढा बघायचा तेवढा बघून झालाय, असं त्यांचं उत्तर ठरलेलं. बाहेरून घरी येताना वाटेत दिसेल तो एक चांगला गोटा उचलून आणायचे आणि ओटीच्या कडेला ठेवायचे. तिथे गोट्यांचा हा ढीग झाला होता. मी विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या हातानं घरात यायचं नाय. पेंग्विनचा नर दगडच आणतो. त्याच्या घरट्याला दुसरं मिळतंय काय तिथे?"

पेंग्विन हा त्यांच्या बोलण्यात दिवसातून चार वेळा तरी यायचा. त्या तुकडीत एक बाई होत्या, पेंग्विनांचा अभ्यास करणाऱ्या. काका भांडी उरकून त्यांच्याबरोबर जाऊन बसत, थर्मासमधला चहा देत, आणि बाई सांगतील ते बघून ठेवत. नर आणि मादी दिसायला अगदी एकसारखे, म्हणून बाईंनी त्यांच्या छातीवर रंगाच्या खुणा केल्या होत्या. नराला हिरवी, मादीला लाल.

"अंडी घातली की मादी पहिली जाते," काका सांगायचे. "खायला, दर्यात. नर बसतो. पंधरा-पंधरा दिवस उपाशी बसतो रे, अंगावर बर्फ साठतो तरी उठत नाय. मग ती येते, बसते, की हा जातो. पिलं झाल्यावर पण बारी चालूच. पण गंमत आईक. मादी लांब जाते. लय लांब. न् पोटात घेऊन येते जवळा. आपला असतो ना, सुकटीतला, तसलाच जवळा. नर जातो जवळपास, लगेच मागं येतो, न् तो आणतो मासे. पिलांची शी बघून मी सांगायचो, आज आईनं भरवलंय का बापानं. जवळ्याची शी लाल."

हे ते जेवताना सांगायचे. माझी बायको नर्स असल्यामुळे तिला काही वाटायचं नाही, उलट आणखी विचारायची. मी ताट घेऊन बाहेर जायचो.

काकूंचा धंदा सुक्या मासळीचा. पहाटेच्या एसटीनं कल्याणला जायच्या, जवळा, बोंबील, सोडे भरून आणायच्या आणि आठवड्याच्या बाजारांना घेऊन बसायच्या: आज मुरबाड, उद्या सरळगाव, परवा किन्हवली. धिप्पाड बाई, आवाज बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मुलगा मुंबईला नोकरीला, काका घरी. स्वयंपाक, भांडी, सारवण, तांदूळ निवडणं सगळं काकांकडे. काकू आल्या की मग काका गळ घेऊन ओढ्यावर जायचे आणि बोटाएवढे मासे आणायचे. म्हणजे हिनं लांबून जवळा आणायचा आणि ह्यानं जवळून मासे. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं तर लहान पोरासारखे लाजले. म्हणाले, "ठरवून नाय केलं रे. तसं पडत गेलं."

गाव मात्र ह्यावर पोट धरून हसायचं. बायकोच्या जिवावर बसून खाणारा, असं तोंडावर म्हणायलाही लोक कमी करत नसत. संध्याकाळच्या एसटीला काका फाट्यावर उभे असायचे, हात अंगाला चिकटवून, ताठ. काकू पायरीवर दिसल्या रे दिसल्या की अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडायचे, "आलीस का गो?" आणि काकू तेवढ्याच मोठ्यानं, "आले रं!" पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केलीय. गुरांच्या दवाखान्यात चार माणसं जमली की मी काकांसारखा ताठ उभा राहून ‘आलीस का गो’ करून दाखवायचो आणि हशा वसूल करायचो. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

काकू बाहेर गेल्या असल्या की संध्याकाळच्या एसटीपर्यंत काका अंगण सोडत नसत. कुणाच्या घरचं मरण असलं तरी "ती आली की येतो" म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम होता: बसलेल्यानं गेलेल्याला हाक मारायची नाही. "पेंग्विन बसल्या जागी कितीबी ओरडला तरी दर्यातली त्याला ऐकणार हाय काय? तिला तिचं पोट भरून घेऊ दे. अर्ध्यात बोलावलीस तर ती अर्धी रिकामी येईल. मग कोण काय खाईल?" हा नियम ते पाळायचेही. एकदा सरपण काढताना त्यांना विंचू चावला. घाम फुटलेला, पाय बादलीत, चेहरा पांढराफटक. मी म्हणालो, काकूंना फोन लावतो. माझ्या हातातला फोन काढून त्यांनी स्वेटरच्या आत ठेवला. संध्याकाळी काकू आल्या, जेवल्या, पान खाल्लं, आणि मग काका म्हणाले, "आज जरा इंचू चावला." काकूंनी जे तोंड सोडलं ते ऐकायला शेजारपाजार गोळा झाला होता.

एवढं सगळं कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. "मी बर्फात गेलो तवा ही पाच महिन्यांची पोटुशी होती. पोरगा मी पहिल्यांदा बघितला तवा त्याला चार दात आले होते. माला बघून रडला. तवर ही एकटीच बसली होती. मी आलो न् म्हटलं, आता तू जा. माझी बारी."

आम्हाला मुलगी झाली. पोर अकरा महिन्यांची असताना बायकोचं नाव नाशिकच्या प्रशिक्षणाला लागलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. पास झाली की गावातल्या उपकेंद्रावर तिची स्वतःची खुर्ची, सरकारी नेमणूक. खासगी दवाखान्यात सलाइन बदलत आयुष्य काढणाऱ्या बाईला ह्याहून मोठं काही नव्हतं. वयाची अट होती आणि ती वर्षभरात उलटणार होती. म्हणजे हीच संधी, पहिली आणि शेवटची. तरी ती कागद हातात घेऊन चार दिवस रडत होती, की तान्ह्या पोरीला टाकून कशी जाऊ.

काका म्हणाले, "टाकून कुठं? आमी तिघं हाव ना हितं. तू जा."

मीही म्हणालो, जा. मोठ्या मनानं म्हणालो. तिच्या माहेरच्यांसमोर म्हणालो, तेव्हा सासरे माझ्याकडे ज्या कौतुकानं बघत होते ते मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर मला ते कौतुकच हवं होतं.

मग सुरू झाली माझी बारी. दिवसा मी दवाखान्यात, तेव्हा पोर काकांकडे. मी आलो की माझ्याकडे. नाचणीची पेज किती पातळ करायची, गाळणी कुठली वापरायची, पोराला ढेकर आल्याशिवाय आडवं करायचं नाही, हे सगळं मला काकांनी शिकवलं. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवणारा माणूस मी, पण पोरीची नखं कापताना मला घाम फुटायचा. काका शेजारी बसून म्हणायचे, "हळू. ती काय म्हैस हाय?" रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. पोरगी फोन चाटायची. बायको तिकडून अभ्यासाचं सांगायची, आणि तिच्या आवाजात एक नवाच उत्साह असायचा. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पहिले तीन-चार महिने झालाही.

पौषात म्हशाची जत्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, तेव्हा आमच्या खात्याची माणसं तिथे तंबू टाकून बसतात, जनावरं तपासतात, लशी देतात. त्या वर्षी माझी ड्युटी होती. दुपारी बैल विकायला आलेले चार-पाच ओळखीचे व्यापारी तंबूत चहाला आले. पोरीला कोण बघतं, बायको कुठे, अशा चौकशा झाल्या. मी सांगितलं. त्यातला एक जाडा व्यापारी, बैलाचे दात बघून वय सांगणारा, मिशीला हात लावत म्हणाला,

"म्हंजे डाक्टर, तुमचा पण बर्फवाला झाला म्हना की!"

तंबू हसला. माझा कंपाउंडर हसला. आणखी कोणी म्हणालं, "मादी चरायला न् डाक्टर गोठ्यात." मीच त्यांना काकांच्या नकला करून दाखवल्या होत्या, शब्दही माझेच त्यांनी मला परत केले होते. मीही हसलो. पण संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येईपर्यंत ते हसणं कानातून जाईना. आपण काय करून बसलो, लोक आपल्याला काय समजतात, हेच डोक्यात. सहा महिन्यांतले पाच महिने एकोणतीस दिवस मी बसलो होतो. एक दिवस राहिला होता.

घरी आलो तर पोर किरकिरत होती. दाढ येत होती. कपाळ जरा कोमट लागलं. बायकोनं ठेवलेला पाऱ्याचा थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव. जनावरांचे ताप बघण्यात माझी हयात गेली, नव्व्याण्णव म्हणजे काहीच नाही हे मला कळत होतं. तेवढ्यात तिचा फोन आला. मागे पोरीचं रडणं ऐकून तिनं विचारलं, काय झालं.

"ताप आहे," मी म्हणालो.

"किती?"

"एकशे तीन."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय. कुणी माझ्याकडून बोलवून घेतलं असं म्हणायची सोय नाही. मीच बोललो. ती घाबरी झाली, काय दिलंत, अंग पुसून काढा, असं भराभर सांगू लागली. मग थांबली. म्हणाली, "अहो, उद्या अकराला परीक्षा आहे माझी."

मला ते माहीत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिनंच जाण्यापूर्वी त्या तारखेला गोल करून ठेवला होता आणि मी त्याच्याकडेच बघत उभा होतो.

"बघ तू," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो तर दारात काका. हातात पोरीसाठी पेजेची वाटी. ते आत आले, वाटी खाली ठेवली, गादीवरचा थर्मामीटर उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. पोरीला उचललं आणि पेज भरवायला बसले. मी तेव्हा तिला पुन्हा फोन करू शकत होतो. हातात फोन होता, रेंज होती. केला नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं निघून, शहापूरला गाडी बदलून, साडेअकराला ती अंगणात उभी राहिली. पोरगी काकांच्या मांडीवर बसून पळीनं ताट बडवत होती. बायकोनं पिशवी खाली टाकली, तिला जवळ घेतलं, गालाला गाल लावला, गळ्याखाली हात घातला. मग पर्समधला स्वतःचा थर्मामीटर काढून लावला. तो तिनं दोनदा झटकून दोनदा लावला.

"काही नाहीये हिला," ती म्हणाली. "एकशे तीनचा ताप एका रात्रीत असा जातो?" आणि माझ्याकडे बघितलं.

आता सांगावं लागणार, एवढंच मला कळत होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "मीच बघितला गो ताप. हा जत्रेसनं दमून आला होता. माला चष्मा सापडला नाय. मीच म्हटलं एकशे तीन. न् मीच म्हटलं, फोन कर तिला. घाबरलो मी."

काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी एकदम मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. काका मान खाली घालून पळीशी चाळा करत होते. ज्या माणसानं विंचू चावल्यावर बायकोला फोन करू दिला नाही, तो म्हणत होता मी घाबरलो. ह्यावर कुणी विश्वास ठेवावा? पण दमलेली, प्रवासानं आंबलेली, परीक्षा हातची गेलेली बाई कशाचा विचार करणार. तिनं विश्वास ठेवला. काकांना ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "पक्षी बघून आलात म्हणून तुम्हाला वाटतं तुम्हाला सगळं कळतं. माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत काका."

काका म्हणाले, "होय गो. चुकलंच माझं."

मी तिची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

दोन महिन्यांत आम्ही खोली सोडली आणि शहापूरला आलो. ती पुन्हा खासगी दवाखान्यात लागली, अजून तिथेच आहे. वाटेत कुठल्याही उपकेंद्राच्या पांढऱ्या इमारतीवरून आमची गाडी जाते तेव्हा ती दुसरीकडे बघते. काकांचं नाव घरात काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण निघत नसे. मी मात्र कामानिमित्त धसईला जायचो तेव्हा त्यांच्या ओटीवर बसून यायचो, आणि ते तिला सांगायचो नाही. एका खोट्याखाली अशी दुसरी खोटी साठत गेली.

एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

त्यांनी जाणाऱ्या-बसणाऱ्यांची आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या उन्हाळ्यात एक नर अंड्यांवर बसला होता. मादीला यायला उशीर झाला. नर थांबला, थांबला, आणि एका सकाळी उठून चालू लागला. तिकडे घारीसारखा एक मोठा तपकिरी पक्षी असतो, त्यानं दोन्ही अंडी फोडली. दुसऱ्या दिवशी मादी आली. पोट भरून आली होती. "रिकाम्या घरट्यावर उभी राहून ओरडत होती रे. मी अंडी उचलून पोटाशी धरली असती. एक दिवस तर पाहिजे होता. पण बाईंनी आधीच सांगितलं होतं, हात लावायचा नाय, आपण बघणारे. न् पुढल्या साली ती दुसऱ्या नराबरोबर बसली. हा आपला जुन्या जागी दगड मांडत बसला होता." मग म्हणाले, "तुमच्यात नव्हतं कुणी हात लावायला मना करणारं. म्हणून लावला."

मला रडू आलं. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि लगेच आवाज चढवून म्हणाले, "पण तू सांग तिला. माझं खोटं मी फिरवणार नाय. तुझं तू फिरव. पोरगी मोठी व्हायच्या आत सांग."

सांगतो म्हणालो. ह्या गोष्टीला पाच वर्षं झाली. दर खेपेला ते विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचो, ह्या दिवाळीला सांगतो, हिची बढती झाली की सांगतो, पोरगी शाळेत जायला लागली की सांगतो. नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

ह्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. श्वासाचा त्रास होता. उन्हाळ्यातही दोन स्वेटर घालून पडलेले असायचे. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "ती येईल का रे एकदा? नर्स हाय, जरा बघून जाईल." मी घरी येऊन तिला म्हणालो, की काका आजारी आहेत, चल. ती पोरीची वेणी घालत होती. "मला ड्युटी आहे," म्हणाली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी ‘बरं’ म्हणालो. दोन आठवड्यांनी काका गेले.

बाराव्याला ती आली. काकूंसाठी येते, असं तिनं मला निघतानाच बजावलं. धसईच्या त्या ओटीवर माणसं बसली होती. काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचा तो बाजारभर पोचणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तुजी लय आठवण काढायचे गो," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकूंना सगळं ठाऊक होतं आणि इतकी वर्षं त्यांनीही नवऱ्याचं खोटं झाकून ठेवलं होतं. बायको पान वाढायला लागली, पण काकांच्या फोटोकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

परत निघालो. मुरबाडच्या अलीकडे मागून तिचा आवाज आला, "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण माझ्या मनातून जात नाही हो. त्या एका आकड्यानं माझं सगळं गेलं."

मी गाडी बाजूला घेतली. एका शेताच्या बांधाशी उभे राहिलो. हेल्मेट काढायचंही मला सुचलं नाही, तसंच सांगितलं. तंबूतलं हसणं, थर्मामीटर, दारातली पेजेची वाटी, सगळं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "आकडा किती होता?"

"नव्व्याण्णव."

"आणि परीक्षा त्याच दिवशी आहे, हे लक्षात होतं?"

"होतं."

तिनं मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती बांधावरच्या गवताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते आजारी होते तेव्हा बोलावलं होतं मला त्यांनी?"

"हो."

"गाडी वळवा."

आम्ही परत धसईला गेलो. माणसं पांगली होती. ती आत गेली. मी बाहेरच थांबलो. आत जायचा धीर झाला नाही. काकूंचा आवाज ऐकू आला, "काय झालं गो?" त्यानंतर तिचं रडणं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, परीक्षा गेली त्या दिवशीसुद्धा नाही. खूप वेळानं ती दारात आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साफ होता.

"तुम्ही कशाला थांबलाय? पोरगी साडेपाचला सुटते. जा."

"तू कधी येशील?"

ती आत वळली.

आज तिसरा दिवस. फोन आलेला नाही. पोरगी आता सात वर्षांची आहे, सगळं विचारते. सकाळी तिची वेणी घालत होतो, वाकडी झाली, तर म्हणाली, आई कुठे गेलीय?

"काकांकडे."

"धसईच्या? पण ते तर वारले ना?"

"हो."

"मग आता कशाला गेली?"

मी वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.